तज्ज्ञांच्या यादीत पाटकरी

पारोळ्याहून अमळनेर फार लांब नाही. तिथे १९१६ साली प्रताप मिलचे मालक श्रीमंत प्रतापशेठ यांनी तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. कापसावर कमावलेल्या पैशातून वेदान्ताच्या अभ्यासाची संस्था, तीही मुंबई-पुण्यात नव्हे तर खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी. शेटजी इमारत बांधून थांबले नाहीत. त्यांनी देशभरातून अभ्यासक बोलावले, त्यांच्या राहण्याची सोय केली, शिष्यवृत्त्या दिल्या. बंगालचे कृष्णचंद्र भट्टाचार्य इथे संचालक होते. जी. आर. मलकानींनी आयुष्याचा मोठा भाग इथे काढला. रासबिहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ती यांच्यासारखे तत्त्वज्ञ या संस्थेशी जोडले गेले. ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे नियतकालिक अमळनेरहून निघत असे. साने गुरुजीही शाळेत शिक्षक होण्याआधी इथेच अभ्यासाला आले होते.

त्याच १९१६ साली वॉशिंग्टनमध्ये रॉबर्ट ब्रुकिंग्ज या व्यापाऱ्याच्या पुढाकारातून सरकारी कारभाराचा अभ्यास करणारी एक संस्था निघाली. पुढे तिचीच ब्रुकिंग्ज इन्स्टिट्यूशन झाली. आज जगातल्या धोरण-अभ्यास संस्थांची, म्हणजे थिंक टँकची, चर्चा निघाली की पहिलं नाव तिचं येतं. सरकारचा पैसा कुठे जातो, कायद्याने जे साधायचं होतं ते साधलं का, नाही तर का नाही, हे सरकारच्या बाहेर राहून तपासायचं आणि लोकांपुढे ठेवायचं, हे तिचं काम.

दोन शेठ, दोन खंड, एकच साल. अमळनेरच्या संस्थेचं मोल मी जराही कमी मानत नाही. तिच्याकडे पाहिलं की एक गोष्ट मात्र लख्ख दिसते. जाणकार माणसं जमवायची, त्यांना टिकवून धरायचं आणि लिहितं ठेवायचं, हे खानदेशाला शंभर वर्षांपूर्वीच जमत होतं. धुळ्यातही तेच दिसतं. शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली आणि ठिकठिकाणच्या मठांमधून समर्थ संप्रदायाची बाडं मिळवली. कोणत्या मठात काय आहे, ते कुणाकडे मागायचं, कोण देईल, हे ठाऊक असलेल्या माणसांशिवाय असं काम होत नाही. इतिहासकार वि. का. राजवाडे गेल्यावर १९२७ साली धुळ्यातच त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं, त्यांचे कागद जपले गेले. तत्त्वज्ञान झालं, इतिहास झाला, संतवाङ्मय झालं. पाण्याचा, कापसाच्या भावाचा, शाळा-दवाखान्यांचा हिशेब मांडणारी संस्था मात्र खानदेशात त्या तोलाची झाली नाही. तो हिशेब पुण्या-मुंबईत मांडला गेला.

पुण्यात तो फार चांगला मांडला गेला, हेही सांगायला हवं. साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून १९३० साली भारत सेवक समाजाने गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू केली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. केंब्रिजमधून शिकून आलेल्या या माणसाने वाई तालुक्यातल्या शेतकऱ्यांचा शेतीचा जमाखर्च तपासायला घेतला. बियाण्याला किती लागलं, बैलाला किती, घरच्या माणसांची मजुरी कशी धरायची, असे प्रश्न घेऊन संस्थेचे लोक बांधावर गेले. पुणे शहराचीही त्यांनी घरोघर पाहणी केली. गाडगिळांचं वर्तुळ प्राध्यापकांपुरतं नव्हतं. प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा राहत होता तेव्हा ते फारसं शालेय शिक्षण नसलेल्या विठ्ठलराव विखे पाटलांच्या शेजारी बसले आणि त्या कारखान्याचे पहिले अध्यक्षही झाले. गाडगिळांना सहकाराची तत्त्वं ठाऊक होती. कोणत्या गावचा शेतकरी कुणाच्या शब्दावर भागभांडवल देईल, हे विखे पाटलांना ठाऊक होतं. एका कागदावर ही दोन्ही ज्ञानं आली म्हणून कारखाना उभा राहिला, असं माझं मत आहे.

गोखले संस्थेतच घडलेल्या वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने १९८३ मध्ये प्रादेशिक असमतोलाबाबत सत्यशोधन समिती नेमली. १९८४ मध्ये तिचा अहवाल आला. पद्धत सरळ होती. रस्ते, सिंचन, वीज, शाळा, दवाखाने, पिण्याचं पाणी अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची. जो जिल्हा त्या सरासरीखाली असेल त्याला तिथवर आणायला किती खर्च येईल तो मोजायचा. तो आकडा म्हणजे त्या जिल्ह्याचा अनुशेष. सगळ्या राज्याची बेरीज सुमारे ३,१८७ कोटी रुपये झाली. त्यातला ३९ टक्के अनुशेष विदर्भाचा, सुमारे साडेतेवीस टक्के मराठवाड्याचा आणि उरलेला ३७ टक्के उर्वरित महाराष्ट्राचा. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ ची स्थिती धरून तो सुमारे १४ हजार कोटींवर नेला.

या हिशेबात खानदेश कुठे बसतो? पुणे, मुंबई, कोल्हापूर, नाशिक यांच्या रांगेत, उर्वरित महाराष्ट्रात. १९९४ मध्ये घटनेच्या कलम ३७१ नुसार तीन वैधानिक विकास मंडळं झाली तेव्हाही विदर्भाला आपलं मिळालं, मराठवाड्याला आपलं मिळालं आणि शिंदखेड्याचा कोरडवाहू शेतकरी व पिंपरी-चिंचवडचा कारखानदार एका मंडळाखाली आले. ३० एप्रिल २०२० रोजी तिन्ही मंडळांची मुदत संपली. ती पुन्हा स्थापन करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये घेतला.

विभागाचं सोडा, जिल्ह्याची सरासरीही फसवी असते. जळगाव म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यापुढे केळी येते. ती रावेर-यावलची, तापीच्या उत्तरेची, सातपुड्याच्या पायथ्याच्या गाळाच्या जमिनीतली. त्याच जिल्ह्याच्या पश्चिमेला पारोळा आहे. बोरी नदीवर तामसवाडीचं धरण आहे खरं, पण पाऊस रुसला की धरणाचाही इलाज चालत नाही, आणि तालुक्याचा जीव कोरडवाहू कापसावर टांगलेला राहतो. रावेरची केळी आणि पारोळ्याचा कापूस एकत्र करून काढलेला आकडा ना रावेरचा असतो ना पारोळ्याचा. पुण्याचा अर्थतज्ज्ञ हे जाणून घेऊ शकतो. त्यासाठी त्याला कुणीतरी सांगावं मात्र लागतं, आणि नुसतं सांगून भागत नाही, कागद पुढे ठेवावा लागतो.

विदर्भात आणि मराठवाड्यात हे कागद तयार करणारी माणसं होती. अमरावतीचे प्रा. बी. टी. देशमुख विधान परिषदेत बोलायला उभे राहत ते सरकारचेच आकडे घेऊन. औरंगाबादेत गोविंदभाई श्रॉफ यांच्याभोवती मराठवाडा जनता विकास परिषदेचं काम चालत असे आणि स्वामी रामानंद तीर्थ संशोधन संस्था होती. भाषणं सगळीकडे झाली. पण भाषणामागे तक्ता असला की मंत्रालयाला उत्तर द्यावं लागतं. खानदेशात पुढारी मोठमोठे झाले. त्यांच्या पाठीशी सतत तक्ते पुरवणारी अशी बैठक उभी राहिली नाही, आणि त्याची किंमत आपण अजून मोजतो आहोत.

केरळने हा धडा आपल्याआधी गिरवला. १९७१ मध्ये दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी देशातल्या गरिबीचा जो गाजलेला अभ्यास केला, त्यात माणसाला पुरेसे उष्मांक मिळायला किती खर्च लागतो हा पाया होता. त्या मापाने ग्रामीण केरळ भयंकर गरीब ठरला. तेव्हा केरळच्याच अर्थतज्ज्ञांनी दाखवून दिलं की तिथला गरीब माणूस मोठ्या प्रमाणात टॅपिओका खातो. हा कंद स्वस्त आहे, त्यातून उष्मांक भरपूर मिळतात, म्हणून पोट भरायला तिथे खर्च कमी लागतो. दांडेकर-रथ यांच्या विद्वत्तेत खोट नव्हती. ताटात काय पडतं हे मात्र तिथे राहणाऱ्यालाच आधी दिसलं. त्रिवेंद्रमला के. एन. राज यांनी उभारलेल्या विकास अभ्यास केंद्राने १९७५ मध्ये केरळच्या गरिबी आणि विकासावर संयुक्त राष्ट्रांसाठी जो अभ्यास केला, त्यानंतरच साऱ्या जगात केरळच्या वाटचालीची चर्चा सुरू झाली. आपल्या प्रदेशाची संस्था असली की हे होतं.

पण अशी संस्था काढली, चार पीएच.डी. नेमले, एक सल्लागार मंडळ छापलं, की झालं का? इथेच खरी गोष्ट सुरू होते. धोरण-अभ्यास संस्था आपल्या तज्ज्ञांचं जाळं वाढवतात म्हणजे बहुतेक वेळा काय करतात? निवृत्त सचिव, माजी कुलगुरू, एखादा बँकर, परदेशातला मराठी प्राध्यापक यांची नावं यादीत येतात. पुण्यातली यादी आणि मुंबईतली यादी शेजारी ठेवली तर निम्मी नावं तीच निघतात. या माणसांची गरज नाही असं कोण म्हणेल? पण खानदेशाच्या पाण्याबद्दल ज्याला सगळ्यांत जास्त कळतं तो माणूस त्या यादीत नसतो.

धुळे जिल्ह्यातली फड पद्धत घ्या. पांझरेच्या खोऱ्यात, शेजारी बागलाणात मोसम आणि आरम नद्यांवर, काही शतकं चाललेली ही सिंचनाची व्यवस्था. नदीवर एकामागोमाग एक बंधारे. प्रत्येक बंधाऱ्यातून पाट निघतो आणि त्याच्याखालची जमीन साधारण चार फडांत विभागलेली असते. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा या फडात ऊस असेल तर पुढे तो दुसऱ्या फडात जाणार. प्रत्येकाचा तुकडा वेगवेगळ्या फडांत असल्याने उसाचा नफा आणि कोरड्या वर्षाची झळ दोन्ही सगळ्यांना वाटून येतात. पाणी कमी असलं की एखादा फड पडीक ठेवायचं गावच ठरवतं. पाटावर पाटकरी असतो. कुणाच्या वावराला पाणी द्यायचं आणि कधी बंद करायचं हे तो पाहतो, शेतकऱ्याने स्वतः बारं फोडायचं नाही. जागल्या पिकाची राखण करतो, हवालदार या दोघांवर देखरेख ठेवतो. त्यांची मजुरी शेतकरी पिकातून देतात.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. त्यांच्या नोकरीच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक याच मुलखातलं होतं. साक्री तालुक्यातल्या दातर्तीजवळ पांझरेच्या पात्राखालून पाणी पलीकडे नेणारी नळांची वक्रनलिका त्यांनी पावसाळ्याच्या अडचणींतून पुरी केली. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. जमिनीचे गट पाडायचे, उसाला आणि इतर पिकांना वाटा ठरवून द्यायचा आणि पाणी सर्वदूर फिरवायचं, असा तिचा गाभा. फडाच्या आणि ब्लॉकच्या विचारातलं साम्य कुणाच्याही ध्यानात येईल. विश्वेश्वरय्यांचं नाव सर्वांना ठाऊक आहे. पाटकऱ्यांची नावं कुठल्याच अहवालात नाहीत. वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरी वाढल्या, नदीचं वाहणं बदललं आणि बरेच फड मोडले. ती धरणं आखताना खालच्या बंधाऱ्यांवरच्या पाटकऱ्याला कुणी सल्ल्याला बसवलं असतं, तर नदीत कोणत्या महिन्यात किती पाणी वाहतं राहायला हवं हे त्याने बोटावर मोजून सांगितलं असतं.

आता तापीकडे चला. सारंगखेडा आणि प्रकाशा इथे तापीवर बॅरेज बांधले. पाणी अडलं. काठावरचं शेत पाण्याच्या पातळीपेक्षा वर असतं, म्हणून पाणी उपसावं लागतं. त्यासाठीच्या अनेक सहकारी उपसा योजना बंद पडलेल्या राहिल्या आणि भरलेल्या नदीच्या काठी शेती कोरडी राहिली. या अपयशात स्थापत्य अभियंत्याची चूक शोधून सापडणार नाही, कारण बॅरेज उभे आहेत. बिघडलं ते पुढच्या साखळीत. वीजबिल कसं आकारलं जाईल, पंप जळाला तर दुरुस्तीचा पैसा कुठून येईल, पाणीपट्टी कोण वसूल करेल, टोकाच्या शेतकऱ्याला पाणी मिळालं नाही तर तो पैसे का भरेल, संस्थेचं थकलेलं कर्ज कुणाच्या सातबाऱ्यावर चढेल. या प्रत्येक प्रश्नाचा जाणकार खानदेशात आहे. पंप बांधणारा मेकॅनिक आहे, संस्थेचा जुना सचिव आहे, वीज मंडळातून निवृत्त झालेला लाइनमन आहे, जिल्हा बँकेत पीककर्ज पाहिलेला माणूस आहे. ते एका टेबलाशी कधी बसले नाहीत, आणि कुठल्याही संस्थेने त्यांना तज्ज्ञ म्हणून पत्र पाठवलं नाही.

असं टेबल मांडता येतं, हे केरळनेच दाखवलं. १९९६ मध्ये तिथे लोकयोजना मोहीम सुरू झाली. राज्याच्या योजना-निधीतला ३५ ते ४० टक्के वाटा पंचायती आणि नगरपालिकांच्या हाती आला. गावांनी आराखडे केले, पण त्यात तांत्रिक कच्चेपणा होता. तेव्हा नियोजन मंडळाने निवृत्त अभियंते, डॉक्टर, कृषी अधिकारी, शिक्षक यांना हाक दिली. आठवड्यातले काही दिवस द्या, आपल्या भागातल्या पंचायतींचे आराखडे तपासून दुरुस्त करून द्या. हजारो लोकांनी नाव नोंदवलं. केरळ शास्त्रसाहित्य परिषदेने आधीची कित्येक वर्षं गावोगाव विज्ञानाची चळवळ चालवली होती, म्हणून ही माणसं सापडली. आपल्याकडे तालुक्याच्या प्रत्येक गावी अशी निवृत्त माणसं आहेत. साठीनंतर त्यांचं सगळं ज्ञान घरातल्या ओट्यावर बसून असतं. मला ही मोठी नासाडी वाटते.

महाराष्ट्रातही दोन प्रयत्न लक्षात घेण्याजोगे आहेत. पुण्याच्या सोपेकॉम या १९९१ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेत पाण्याच्या तंट्यांवर धोरणसंवाद घडवणारा एक मंच काम करत आला आहे. अभियंते, वकील, कार्यकर्ते, पत्रकार, अभ्यासक त्यात एकत्र आले आणि देशभरातल्या साठाहून अधिक पाणी-तंट्यांची प्रकरणं त्यांनी लिहून काढली. प्रत्येक प्रकरण त्या त्या ठिकाणच्या जाणकाराने लिहायचं आणि मंचाने ते इतरांशी ताडून पाहायचं, अशी त्यांची रीत. दुसरा प्रयत्न आयआयटी मुंबईतल्या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्राचा. प्रा. मिलिंद सोहोनी आणि सहकाऱ्यांच्या पुढाकाराने २०१६ मध्ये उन्नत महाराष्ट्र अभियानाचा शासन निर्णय निघाला. जिल्ह्यातल्या महाविद्यालयाने जिल्ह्याचे प्रश्न अभ्यासायचे, नळयोजना का बंद पडली याचा तांत्रिक अहवाल विद्यार्थ्यांनी लिहायचा आणि तो जिल्हा प्रशासनाने वापरायचा, ही त्यामागची दृष्टी. आयआयटीच्या याच गटाने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत तयार केली. पाऊस किती पडला, किती वाहून गेला, मातीत किती मुरला, पिकाला किती लागणार, याची वजाबाकी. तो प्रकल्प मराठवाडा आणि विदर्भासोबत जळगाव जिल्ह्यातही आला. ताळेबंदाचं सूत्र आयआयटीचं असलं तरी कोणत्या शिवारात मुरमाड जमीन किती खोलीवर लागते, हे सूत्राला माहीत नसतं. ते विहीर खोदणाऱ्याला माहीत असतं.

खानदेशाकडे आज साहित्य कमी नाही. १५ ऑगस्ट १९९० पासून जळगावात विद्यापीठ आहे, जे आता बहिणाबाईंच्या नावाने ओळखलं जातं. त्याआधी इथल्या महाविद्यालयांना पुणे विद्यापीठाकडे पाहावं लागे. धुळ्याला कृषी महाविद्यालय आहे, जळगावला केळी आणि तेलबिया संशोधन केंद्रं आहेत. साक्री तालुक्यात बारीपाडा आहे, जिथे चैत्राम पवारांनी गावकऱ्यांसोबत शेकडो हेक्टर जंगल राखलं. पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. वनविद्येत पदवी नसलेल्या या माणसाकडे अभ्यासक शिकायला जातात. त्यांचं गाव म्हणजे चालतीबोलती धोरण-अभ्यास संस्था आहे.

हे सगळं जोडायचं तर काही पथ्यं पाळावी लागतील. पहिलं पैशाचं. संस्थेच्या खर्चाचा मोठा वाटा एकाच उद्योगाकडून, एकाच पक्षाकडून किंवा ज्या खात्याचं काम तपासायचं त्याच खात्याकडून आला, तर अहवालाची धार जाते. गोखले संस्थेला मिळालेल्या रावबहादूर काळे यांच्या देणगीसारखा कायम निधी हवा, नाहीतर पुष्कळ लहान देणगीदार हवेत. दुसरं मानाचं. प्राध्यापकाला मानधन आणि पाटकऱ्याला चहा, हे चालणार नाही. त्याचा दिवस बुडतो, त्याच्याही ज्ञानाची किंमत रुपयांत द्यायला हवी आणि अहवालावर त्याचं नाव छापायला हवं. तिसरं पथ्य शंकेखोरपणाचं. अनुभवी माणूसही चुकतो, आपल्या वावराच्या बाजूने बोलतो. म्हणून त्याचं म्हणणं मोजमापाशी ताडायचं आणि प्राध्यापकाचं मोजमाप त्याच्या अनुभवाशी. प्रश्नावलीही अहिराणी बोलणाऱ्या बाईला सहज उत्तर देता येईल अशीच हवी. नाहीतर ती समोरच्याला बरं वाटेल ते सांगते आणि तोच आकडा मंत्रालयात जातो.

कामाला सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न पारोळ्यात बसून फार अवघड नाही. अमळनेर तालुक्यात तापीवर पाडळसरे इथे निम्न तापी प्रकल्प दोन दशकांहून अधिक काळ रखडत आला आहे. त्याच्या लाभक्षेत्रात अमळनेर, चोपडा, धरणगाव, शिंदखेडा यांच्यासोबत पारोळाही येतो. धरण पुरं व्हावं म्हणून आंदोलनं झाली, ती योग्यच होती. पण इथलंही पाणी बऱ्याच ठिकाणी उपसूनच न्यावं लागणार. पंप बसायच्या आधी, सारंगखेडा आणि प्रकाशाच्या बंद योजनांचे जुने जमाखर्च, वीजबिलं आणि वसुलीच्या वह्या गोळा करून, एकरी पाण्याची खरी किंमत किती पडेल आणि कापसावर ती निघेल का, याचा हिशेब मांडता येईल. त्या वह्या आज खानदेशातल्याच कपाटांत आहेत, त्या भरणारे सचिव थकत चालले आहेत, आणि हे काम करायला मंत्रालयाच्या परवानगीची गरज नाही.